धसका : शाळेतल्या मोठ्या माणसांचा

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आमंत्रण द्यायला कार्यकर्ते घरी आले तेव्हा म्हणाले, "ताई, विषय तुमच्या आवडीचा घ्या, फक्त जरा हलकाफुलका असू द्या. लहान मुलंही असतात." मी हो म्हटलं आणि दोन दिवसांनी हा विषय कळवला. त्यांनी तो मुकाट्यानं छापला, याबद्दल आधी त्यांचे आभार. विषय हलका नाही. पण माझ्या नोकरीची चौतीस वर्षं या गावातल्या शाळांत गेली. पहिली सहा मराठी माध्यमात, तिथे मी 'बाई' होते; पुढची सगळी गुजराती माध्यमात, तिथे 'बेन' झाले. शेवटची काही वर्षं सुपरवायझर होते. एवढ्या काळात एका गोष्टीबद्दल आम्ही शिक्षकखोलीत कधी नीट बोललो नाही, आणि ती गोष्ट आता सत्तरीच्या उंबरठ्यावर मला झोपू देत नाही. म्हणून ती तुमच्यापुढे मांडते.

या सभागृहात ज्यांच्या घरात निदान एक तरी शिक्षक आहे किंवा होता, त्यांनी हात वर करा बघू. (बरेच हात वर.) मला वाटलंच होतं. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेलीत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या राज्याला लागू केला. तेव्हापासून इथल्या मराठी घरांत मास्तरकी चालत आलेली आहे. म्हणजे हा विषय तुमच्या घरातलाच आहे.

हल्ली 'ट्रॉमा' हा शब्द फार ऐकू येतो. वर्तमानपत्रात 'मानसिक आघात' असं लिहितात. माझी आजी या दोन्हीपेक्षा चांगला शब्द वापरायची : धसका. "पोरीनं धसका घेतलाय" असं ती म्हणायची, आणि म्हणजे काय हे सगळ्यांना कळायचं. पोरगी जेवत नाही, रात्री दचकून उठते, विहिरीकडे जात नाही. वैद्यकशास्त्राच्या पुस्तकात दोन पानं लागतात तेच. फक्त आजी हा शब्द पोरांसाठी वापरायची. मोठा माणूस धसका घेतो, त्यातून शाळेतला मोठा माणूस घेतो, हे आपल्या बोलण्यात बसलेलंच नाही.

गणेशोत्सवात आहोत म्हणून किल्लारीची आठवण काढते. १९९३ चा ३० सप्टेंबर. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जन करून लोक झोपले होते आणि पहाटे चारच्या सुमारास लातूर-उस्मानाबादकडची गावं कोसळली. आपल्यापैकी कितीतरी जणांचे आप्त तिकडे होते. आम्ही इथून कपडे आणि भांडी पाठवली, आणि आपलं कर्तव्य झालं असं समजलो. मीही तशीच समजले होते.

मग आठ वर्षांनी आपल्यावरच आलं. २६ जानेवारी २००१. झेंडावंदन करून आम्ही मैदानातच होतो, पावणेनऊ वाजले होते. पाण्याच्या टाकीतलं पाणी काठावरून सांडायला लागलं. मुलांना वाटलं, कोणीतरी वर चढलंय. आपल्याकडे बडोद्यात त्या मानानं निभावलं. कच्छमध्ये काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे, तेरा हजारांहून जास्त माणसं गेली. आणि अंजारमध्ये प्रजासत्ताकदिनाची प्रभातफेरी अरुंद गल्ल्यांतून चालली होती. दोन्ही बाजूंची घरं त्या मुलांवर पडली. १८५ मुलं आणि २० शिक्षक. त्यांचं स्मारक आता अंजारला झालं आहे, २०२२ च्या ऑगस्टमध्ये त्याचं उद्घाटन झालं. कधी कच्छला रण पाहायला जाल तर तिथेही थांबा.

मी ज्या माणसाबद्दल सांगणार आहे तो मात्र कुठल्या स्मारकावर नाही, कारण तो वाचला.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही सात शिक्षक एका ट्रकबरोबर भचाऊ तालुक्यातल्या एका खेड्यात गेलो. बरोबर वह्या, पाट्या, सतरंज्या, ताडपत्र्या. शाळेच्या जागी मातीचा ढीग होता. तंबू ठोकला आणि दुसऱ्याच दिवशी शाळा भरली. तिथले मास्तर पन्नाशीचे होते. गुजरातेत मास्तरांना साहेब म्हणतात, म्हणून मीही साहेबच म्हणेन. अतिशय कामसू माणूस. सकाळी सर्वांत आधी यायचे, धान्याच्या याद्या लिहायचे, सरकारी माणसांना घरं दाखवायचे, मुलांना शिकवायचे. आम्ही आपसात म्हणायचो, काय हिंमत आहे या माणसाची!

दोन-तीन दिवसांनी माझ्या लक्षात आलं की साहेब तंबूत पाऊल टाकत नाहीत. मुलं आत आणि साहेब बाहेर उन्हात उभे राहून फळ्याकडे बोट दाखवतात. ट्रॅक्टर गेला की त्यांच्या हातातला खडू पडायचा. मुलं पहिल्यांदा हसली, मग त्यांनी हसणं सोडलं आणि एक मुलगा न सांगता खडू उचलून द्यायला लागला. गणवेशाचा ट्रक आला तेव्हा आम्ही म्हटलं, साहेब, तुमच्या हातानं वाटा. ते म्हणाले, "तुम्हीच वाटा, मला तालुक्याला जायचंय." तालुक्याला जायचं काही काम नव्हतं.

आठव्या दिवशी संध्याकाळी ताडपत्रीची दोरी बांधता बांधता त्यांनी सांगितलं. त्या सकाळी झेंडावंदनाला दोन बहिणी गणवेश न घालता आल्या होत्या. तपासणीचं वर्ष होतं. साहेब म्हणाले, घरी जा आणि गणवेश घालून या. मुली धावत घरी गेल्या. बाकीची मुलं उघड्यावर त्यांच्यासमोर रांगेत उभी होती, ती सगळी वाचली.

"गावातले लोक मला म्हणतात, साहेब, तुमच्या झेंड्यानं आमची पोरं वाचली. त्या मुलींचे वडील रोज दुपारी मला छाश आणून देतात. मी ती पितो."

एवढंच बोलले. आणि मी काय केलं? मी लगेच म्हणाले, "साहेब, यात तुमची काय चूक? ज्याचं त्याचं दैव." त्यांनी मान हलवली, दोरीची गाठ पक्की केली आणि आम्ही निघेपर्यंत माझ्याशी कामापलीकडे एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं होतं, मी धीर दिला. वास्तविक मी त्यांचं तोंड बंद केलं होतं. त्यांना चूक-बरोबरचा निकाल नको होता. आठ दिवस विचार करून त्यांनी एक माणूस निवडला होता, आणि त्या माणसानं अर्ध्या मिनिटात विषय संपवला.

पुढे निवृत्तीनंतर मी थोडं वाचलं, दोन-तीन शिबिरं केली. तेव्हा कळलं की याला नाव आहे. जोनाथन शे या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांबरोबर काम करताना 'नैतिक जखम' या अर्थाचा शब्द रूढ केला. भीतीची जखम वेगळी आणि 'माझ्या हातून झालं' याची वेगळी. भीती काळानं थोडी ओसरते. ही दुसरी ओसरत नाही, कारण माणूस ती स्वतःच जपतो. शिक्षकाला ती फार लवकर होते. दिवसभर तो मुलांना सांगत असतो : इथे उभा राहा, तिकडे जाऊ नकोस, घरी जा, थांब. शंभर सूचनांतली एक कधीतरी अशी निघते.

शास्त्राचं थोडंसं सांगते, मग परत शाळेत जाऊ. भयंकर काही घडलं की शरीर पहाऱ्यावर बसतं. झोप तुटते, आवाजानं दचकायला होतं, तेच चित्र डोळ्यांपुढे येतं. त्या जागेकडे पाय वळत नाही. राग पटकन येतो, किंवा उलट काहीच वाटेनासं होतं. पहिले काही आठवडे हे सगळं स्वाभाविक आहे, तो आजार नव्हे. महिना उलटला तरी तसंच राहिलं आणि रोजचं जगणं अडायला लागलं, तर डॉक्टरांकडे जायला हवं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या सूचीत या आजाराला १९८० साली नाव मिळालं. २०१३ च्या आवृत्तीत आणखी एक गोष्ट मान्य झाली : स्वतःवर काही आलेलं नसलं, तरी कामाचा भाग म्हणून ज्यांना अशा घटनांच्या तपशिलांना पुनःपुन्हा सामोरं जावं लागतं, त्यांनाही हा आजार होऊ शकतो. चार्ल्स फिगली नावाच्या अभ्यासकांनी याच प्रकाराला मायेचा थकवा म्हटलं, अर्थात त्यांच्या भाषेत. डॉक्टर, नर्स, पोलीस यांच्याबद्दल हे बोललं जातं. शाळेबद्दल फार कमी.

आता आमच्या शाळेत येते. शाळेचं नाव सांगणार नाही, विचारूही नका. काही जण ओळखतील, त्यांनीही आपल्यापाशीच ठेवावं.

कच्छनंतर बारा-तेरा वर्षांनी, नववीतला एक मुलगा सकाळी सायकलवरून येताना फाटकापासून शंभर पावलांवर डंपरखाली आला. प्रार्थनेची घंटा व्हायची होती. सर्वांत आधी धावला तो आमचा शिपाई. त्याची ड्यूटी फाटकावर होती. त्यानं रिक्षा थांबवली, मुलाचं डोकं मांडीवर घेतलं आणि दवाखान्यात नेलं. मुलगा वाटेतच गेला. शिपाई दुपारी परत आला, नळावर शर्ट धुतला आणि पाच वाजता नेहमीप्रमाणे सुटीची घंटा दिली.

दुसऱ्या दिवशी शाळा बंद. तिसऱ्या दिवशी प्रार्थनेत दोन मिनिटं मौन, मुख्याध्यापकांचे दोन शब्द, आणि पहिल्या तासाला चाचणी परीक्षा. चाचणी पुढे ढकलावी असं एकाही शिक्षकाला सुचलं नाही. मलाही नाही. वेळापत्रक मीच बनवलं होतं.

वर्गशिक्षिका तिसऱ्याच वर्षाला होती, वय अठ्ठावीस. मुलाचा हजेरीतला क्रमांक १७. ती सोळा म्हणायची, थांबायची आणि अठरा म्हणायची. त्या थांबण्यात अख्खा वर्ग खाली बघायचा. रोज सकाळी, महिनाभर. महिनाअखेर हजेरीची गोळाबेरीज जुळेना, कारण तिनं ते नाव ना कमी केलं होतं ना गैरहजर लावलं होतं; त्या ओळीत नुसत्या मोकळ्या चौकटी होत्या. मी तिला बोलावून सांगितलं, "बेन, पटसंख्येचा हिशेब वर जातो, असं चालत नाही." ती 'हो' म्हणाली. पुढे तिच्याविरुद्ध तक्रारी यायला लागल्या. पाच मिनिटं उशिरा आलेल्या मुलावर ओरडते, सायकलवाल्या मुलांना उगाच अडवते. एका मुलाच्या आईनं माझ्यापुढे टेबलावर हात आपटला. आईचंही चुकलं नव्हतं. त्या मुलीला पाच मिनिटांचा उशीर म्हणजे काय वाटत असेल, याचा विचार माझ्या मनात आला नाही. वर्षअखेरीला तिनं नोकरी सोडली. लग्न ठरलं असं कारण दिलं. लग्न तीन वर्षांनी झालं.

कारकुनाची गोष्ट तर कोणाच्या ध्यानीमनीही नसते. मूल गेलं की शाळेच्या जनरल रजिस्टरात त्याच्या नावापुढे कारण लिहावं लागतं. दाखला बनवावा लागतो. भूकंपात गेलेल्या मुलांच्या स्मरणार्थ गुजरात सरकारनं 'विद्यादीप' नावाची विमा योजना सुरू केली, तिचा अर्ज भरावा लागतो. योजना चांगली आहे, पण कागद बरेच. मुलाचे वडील एक एक कागद घेऊन यायचे आणि काउंटरसमोर उभे राहायचे. आमचे कारकून त्यांना खुर्ची द्यायचे, पाणी द्यायचे आणि म्हणायचे, "अजून एक झेरॉक्स लागेल." असं म्हणायला लागणं ही काय शिक्षा आहे, ते करून बघावं. त्यानंतर ते आमच्याबरोबर डबा खायला यायचे बंद झाले. आम्ही म्हणालो, माणूस तुसडा झालाय.

आणि शिपाई. आठवडाभरानं तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "बेन, मला फाटकावरून काढा, पाण्याच्या टाकीचं काम द्या." मी म्हटलं, फाटकावर कोण उभं राहणार? मग तो उशिरा यायला लागला. आधी दहा मिनिटं, मग वीस. सव्वीस वर्षांच्या नोकरीत कधी उशीर न केलेला माणूस. तोंडी समज दिली, मग मेमो निघाला. मेमोवर सही माझी आहे. त्यात मी 'कामातील बेपर्वाई' असा शब्द लिहिला होता.

त्यानं मुदतीआधी निवृत्ती घेतली. तीन-चार वर्षांनी गणपतीत प्रसाद घेऊन त्याच्या घरी गेले, तेव्हा त्याची बायको सहज बोलून गेली, "हे अजून रिक्षात बसत नाहीत बेन. कुठेही जायचं तर चालत." मी विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, "त्या मुलापासून." घर शाळेपासून पाच किलोमीटर होतं. आधी तो शटल रिक्षानं यायचा. आमच्या मेमोतली ती वीस मिनिटं म्हणजे तो चालत येत होता, त्याची.

मी माफी मागितली. तो म्हणाला, "तुम्हाला कुठे माहीत होतं?" खरं आहे, माहीत नव्हतं. विचारलंच नव्हतं. मेमो टाइप करायला दहा मिनिटं लागली होती. "उशीर का होतो रे?" असं विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं.

हे सांगताना मला लाज वाटते, पण एवढ्या लोकांसमोर सांगितल्याशिवाय या विषयावर बोलण्याचा मला हक्क नाही.

आणखी एक प्रकार आहे, त्यात रक्त दिसत नाही. एखादी मुलगी मधल्या सुटीत बाईंजवळ येते आणि घरात कोणी तिच्याशी काय करतं ते सांगते. २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे बाईंनी ते पोलिसांना किंवा बालपोलिस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा. कायदा योग्यच आहे. पण त्या बाईंचा पुढचा काळ डोळ्यांपुढे आणा. मुलीचं नाव फुटता कामा नये, म्हणून नवऱ्यालाही सांगता येत नाही. मुलीच्या घरचे फाटकाबाहेर उभे असतात. ट्रस्टी म्हणतात, शाळेचं नाव येतंय, जरा जपून. मग जबाब, मग तारखा. आणि मुलगी वर्गात समोर बसलेली असते, कधी बघते, कधी बघत नाही. माझी एक मैत्रीण यातून गेली. ती म्हणाली, "मला स्वतःला काहीच झालेलं नाही, मग मला अंघोळीला गेल्यावर रडू का येतं?" तिला कोणीतरी सांगायला हवं होतं की ऐकण्याचीसुद्धा इजा होते.

हरणीच्या तळ्याबद्दल बोलू की नको, असं मनात होतं. १८ जानेवारी २०२४ ची संध्याकाळ इथे कोणी विसरलेलं नाही. सहलीची होडी उलटली, १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. कोणाचा दोष, हे ठरवणं न्यायालयाचं काम आहे आणि ते व्हायलाच हवं. मी फक्त एवढंच सांगते की त्यानंतर कितीतरी दिवस गावातल्या शिक्षिकांचे मला फोन येत होते. त्या शाळेशी काही संबंध नसलेल्या. एकीनं सांगितलं, वीस वर्षांपूर्वीच्या सहलीत नर्मदेच्या घाटावर ती मुलं मोजायला विसरली होती. काही झालं नव्हतं तेव्हा, सगळी सुखरूप परत आली होती. पण आता ती रात्री उठून मोजते. अठ्ठेचाळीस मुलं. आता ती मुलं तिशीची झाली आहेत.

मग करायचं काय? माझ्याकडे मोठी योजना नाही. जे आम्ही केलं नाही, तेच सांगते.

वर्गातलं मूल गेलं तर हजेरीतून ते नाव कमी करायचं काम वर्गशिक्षकाच्या एकट्याच्या गळ्यात घालू नये. मुख्याध्यापकांनी त्याच्याशेजारी बसून ते करावं, आणि मुलांना सांगून करावं. पहिले दोन आठवडे त्या वर्गात दुसरा एक शिक्षक सोबत असावा, नुसता मागच्या बाकावर बसला तरी चालेल. चाचण्या पुढे ढकलता येतात, त्यासाठी सरकारचा हुकूम लागत नाही. शिपाई, आयाबाई, मध्याह्न भोजन बनवणाऱ्या बायका, व्हॅनवाले काका यांना शोकसभेत पाणी द्यायला उभं करू नये, त्यांना बसायला खुर्ची द्यावी. सर्वांत आधी धावणारी माणसं बहुतेकदा तीच असतात. आणि कारकुनाकडचा एखादा कागद ट्रस्टींनी स्वतः त्या घरी पोचवावा. इथे तीन-चार शाळांचे ट्रस्टी बसलेले दिसताहेत, म्हणून मुद्दाम म्हणते.

एक गोष्ट करू नये. घटना घडली की कोणातरी तज्ज्ञाला बोलावून सगळ्या स्टाफला एका खोलीत बसवायचं, प्रत्येकाला काय पाहिलं ते बोलायला लावायचं आणि प्रमाणपत्राचा फोटो काढायचा. अशा एकाच सक्तीच्या बैठकीनं पुढचा आजार टळत नाही असं संशोधनात आढळलं आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनाही ती करू नका असंच म्हणते. त्यांची २०११ ची मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका आहे, तिचं सूत्र साधं आहे : बघा, ऐका, जोडून द्या. कोणाला काय होतंय ते बघा. बोलला तर ऐका, नाही बोलला तर खोदू नका. आणि पुढची मदत कुठे आहे, ती दाखवून द्या. त्यात 'धीर द्या' असं नाही. कच्छला जाण्याआधी ही पुस्तिका निघाली असती आणि मी वाचली असती, तर बरं झालं असतं.

पुढची मदत म्हणजे काय, तर डॉक्टर आहेत, सरकारी इस्पितळात मानसोपचार विभाग असतो. आणि टेलिमानस नावाची केंद्र सरकारची दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. क्रमांक १४४१६. पैसे पडत नाहीत, नाव सांगावं लागत नाही. लिहून घ्या, स्वतःसाठी नसला तरी चालेल.

एकदा एका सेवानिवृत्त सरांनी मला अडवून विचारलं, "आमच्या वेळी नव्हतं असलं काही. आम्ही नाही का निभावलं?" मी म्हटलं, सर, तुमच्या वेळी तुमच्या शाळेतले ते गणिताचे मास्तर आठवतात? मुलं ज्यांना मारकुटे म्हणायची? सर म्हणाले, हो, फार मारायचा. मी म्हटलं, ते फाळणीनंतर सिंधमधून आले होते, हे आठवतं का? सर गप्प बसले. मुलांना मारणं त्यामुळे माफ होत नाही, आणि प्रत्येक तापट मास्तराच्या मागे अशी गोष्ट असते असंही नाही. पण धसका ज्याच्या पोटात असतो, त्याच्याच पोटात तो राहतो असं समजू नका. तो वर्गात उतरतो. तीस-चाळीस मुलं रोज पाच तास त्याच्यासमोर बसलेली असतात. तुमची नातवंडं त्यांत आहेत.

गेल्या वर्षापासून आम्ही चार निवृत्त बायका आणि एक सर असे दर गुरुवारी संध्याकाळी पाच ते सात मंडळाच्या वरच्या खोलीत बसतो. आम्ही डॉक्टर नाही, सल्ला देत नाही. शाळेत काम करणाऱ्या कोणालाही यायचं तर यावं, शिकवणाऱ्यांनीच असं नाही. चहा असतो. पहिले दोन महिने कोणीच आलं नाही, आम्हीच आपसात गप्पा मारून घरी गेलो. मग एक व्हॅनवाले काका आले आणि तासभर क्रिकेटवर बोलले. दुसऱ्या गुरुवारी परत आले आणि परत क्रिकेट. तिसऱ्या गुरुवारी निघताना दारात चप्पल घालता घालता वळले आणि म्हणाले, "बेन, एक विचारू?"

ते काय म्हणाले ते मी सांगणार नाही. उद्या गुरुवार आहे, खोली उघडी असेल. जिन्यावरचा दिवा गेलाय, तेवढा कार्यकर्त्यांनी बदलावा. आरतीची वेळ झाली. थांबते. नमस्कार.